ह्याची चावी कुठेय?

"बाबा, ह्याची चावी कुठेय?"

नेरळ स्टेशनवर आज सकाळी माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनासमोर उभा होतो, शेजारी एक पाचेक वर्षांचा पोरगा. बाबा फोटो काढण्यात बिझी, म्हणाले अरे चावी नसते रे ह्याला. पोरगा ऐकेना, मग चालू कसं करायचं?

खरंच कसं सांगणार त्याला. आधी बॉयलरमधे पाणी, मग विस्तव, मग नुसतं बसून राहायचं, पहाटे पेटवलं तर तासन्‌तास जातात तेव्हा कुठे वाफ धरते. कोणीतरी रोज लवकर उठत होतं यार या इंजिनासाठी!

मी वाकून चाकं बघत बसलो. दोन फुटी रूळ, 1907 सालची लाईन, वर जाताना नुसती वळणं, आणि जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने ह्याच्या पुढच्या-मागच्या आसांवर अक्षरशः दुसरा पोकळ आस चढवलाय, म्हणजे वळणावर चाकं थोडी बाजूला सरकणार पण दांडा त्यांना फिरवत राहणार. हे असलं डोकं बाहेरून दिसतच नाही, दिसतो तो फक्त रंग.

ह्याचंच एक भावंड, 740 नंबरचं, इंग्लंडला गेलं. तिकडे लेटन बझार्डला हौशी लोकांनी ते परत वाफेवर चालवलं.

आमचं इथे सेल्फीला उभं. चढावर धापा टाकणारं हे इंजिन प्रत्यक्ष ऐकलेलं कोणी आहे का इथे? कसा होता आवाज?