तुम्ही विचारलेत म्हणून : फोन हातात असताना नोटा कशाला?

माझे पोट संगणकांच्या देखभालीवर चालते. घरी टीव्हीखाली व्हिडिओ गेमचा कन्सोल आहे आणि चाळिशी उलटून गेली तरी त्याच्यावर मी धूळ बसू देत नाही. असे असूनही नाशिकच्या बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी घेताना मी पाकिटातून नोट काढली, की सोबतच्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, ‘‘तुमच्यासारख्या माणसाने अजून रोख पैसे बाळगावेत?’’ कचेरीतल्या तरुण सहकाऱ्यांना त्यात जुनाटपणा दिसतो, मेहुण्यांना करचुकवेगिरीचा वास येतो आणि भाच्याला वाटते की मामाच्या लक्षात पिन राहत नसावा. तिघांनाही वेगवेगळे उत्तर देण्याचा कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. यूपीआयशी माझे भांडण नाही. वीजबिल, घरपट्टी, मुलीच्या शिकवणीची फी आणि रेल्वेचे तिकीट यांचे पैसे मी फोनवरूनच भरतो आणि त्यासाठी रांगेत उभे राहण्याचे दिवस परत यावेत अशी माझी अजिबात इच्छा नाही. ११ एप्रिल २०१६ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही व्यवस्था जाहीर केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात तिच्यावरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. ज्याने कधी एखादा सर्व्हर दोनशे माणसांच्या ओझ्याखाली गुडघे टेकताना पाहिला आहे, त्याला या आकड्यापुढे टोपी काढावीशी वाटते. मात्र याच कामामुळे मला दुसरेही एक दिसते. मी चौकोनी कोड स्कॅन करतो तेव्हा माझ्या फोनचे नेटवर्क, ते अ‍ॅप, अ‍ॅपच्या मागे उभी असलेली बँक, मधले केंद्र, माझी बँक आणि समोरच्याची बँक हे सगळे त्या क्षणी जागे असावे लागतात. बहुतेक वेळा ते असतात. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दोन दिवशी देशभर व्यवहार अडखळले तेव्हा ते नव्हते. दोन-तीन तासांची ती अडचण फार मोठी होती असे मी म्हणणार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी इतक्या जणांची परवानगी घेणे मला बेताबाहेरचे वाटते. तंत्रज्ञान कळत नाही म्हणून मी नोट काढत नाही. ते थोडेफार कळते म्हणूनच काढतो.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, बाजारात बसणाऱ्या बाईंशी होणारा व्यवहार जरा जवळून पाहा. मी पन्नासाची नोट देतो, त्या ती उजेडाकडे धरून न पाहताच गोणपाटाची कड उचलून तिच्याखाली सरकवतात, तिथूनच वीसची नोट आणि पाचाचे नाणे काढून माझ्या हातावर ठेवतात आणि त्यांचे लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाते. व्यवहार तिथेच संपला. आता हेच फोनने केले की त्यांची मान वर होते आणि टोपलीच्या काठाला अडकवलेल्या त्या बोलक्या डबीकडे लागते. डबीने रक्कम उच्चारली तर ठीक. बाजाराच्या गलक्यात ती ऐकू आली नाही, किंवा तिची बॅटरी उतरली असली, तर ‘‘दादा, दाखवा बरं’’ असे म्हणत त्या माझ्या फोनच्या पडद्यावरची हिरवी खूण पाहतात. त्या खुणेची नक्कल करणारी बनावट अ‍ॅप निघाली आहेत हे त्यांनाही माहीत असते, तरी संकोचापोटी त्या फार ताणत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुष्कळदा तो कोड त्यांचा नसतोच. तो मुलाचा किंवा पुतण्याचा असतो, कारण खाते आणि स्मार्टफोन त्याच्याकडे आहे. दिवसभर उन्हात बसून विकलेल्या भाजीचे पैसे संध्याकाळी स्वतःच्याच घरी मागून घ्यावे लागतात, असे मला एकीने हसत हसत सांगितले होते. तेव्हापासून भाजीच्या टोपलीसमोर तरी फोन खिशातच ठेवायचा हे मी ठरवून टाकले आहे.

यात थोडा गावाचा अभिमानही मिसळलेला आहे, हे लपवत नाही. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. करन्सी नोट प्रेस तिथे १९२८ पासून आहे आणि माझ्या लहानपणी ‘प्रेसमध्ये आहेत’ एवढे म्हटले की त्या घराची पत आपोआप ठरत असे. शेजारचे काका दिवसभर कोऱ्या करकरीत नोटांच्या गठ्ठ्यांत काम करून महिनाअखेरीस आमच्यासारखीच ओढाताण करीत, याचे आम्हा मुलांना भारी आश्चर्य वाटे. सध्याच्या वीसच्या नोटेच्या मागे वेरूळची लेणी आहेत, हे ती रोज हाताळणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाहिले असेल कोणास ठाऊक. नाण्यावरच्या सालाखाली बारीकसा चौकट आकाराचा ठिपका असला तर ते मुंबईच्या टांकसाळीतले असते. सुट्ट्यांसाठी थांबावे लागले की मी ते शोधत बसतो. पैशाला हाताळता येईल असे रूप असण्याचा हा फुटकळ का होईना, फायदा आहे.

आता व्हिडिओ गेमकडे येतो. मला विचारणाऱ्यांना नोटा आणि गेम या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, तर माझ्या लेखी त्या एकाच आवडीतून आलेल्या आहेत. आम्ही खेळायला लागलो तेव्हा नव्वदीचे दशक होते. ज्यांच्या घरी ‘लिटल मास्टर’ हा टीव्हीला जोडायचा कन्सोल होता त्यांच्या दारात सुट्टीत चपलांचा खच पडलेला असे. एक पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९ इन १’ असे छापलेले आणि आत प्रत्यक्षात आठ-दहाच गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा भरलेले. फसवणूक होती, पण ती कॅसेट आमची होती. ती मित्राला उसनी देता येई, बदल्यात ‘काँट्रा’ आणता येई, चालेनाशी झाली की फुंकर मारून पुन्हा बसवता येई. ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांच्यासाठी गल्लीतले पार्लर होते. रुपयाचे कॉइन टाकायचे आणि जीव असेपर्यंत खेळायचे. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या नावाचा उच्चार आमच्यातल्या कोणाला येत नव्हता, म्हणून त्यातल्या पिवळ्या टोपीच्या पात्रावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणत. रुपये संपले की खेळ संपला आणि घरी जायचे. पार्लरवाल्याला आमचे नाव, जन्मतारीख किंवा आम्ही कोणत्या टप्प्यावर हरतो याची नोंद नको होती.

आजचे गेम त्या काळापेक्षा कितीतरी सुंदर आहेत आणि जुने ते सोने असले रडगाणे मला गायचे नाही. चांगल्या गोष्टीवर बेतलेला, एकट्याने हिवाळ्यात रात्री उशिरापर्यंत खेळावा असा गेम ही आपल्या काळाने दिलेली मोठी देणगी आहे, असेच माझे मत आहे. माझी तक्रार आहे ती ते विकण्याच्या रीतीबद्दल. फुकट म्हणून उतरवून घेतलेल्या मोबाईल गेममध्ये रुपया थेट चालत नाही. आधी रुपयांचे जेम्स, म्हणजे गेममधली आभासी रत्ने, घ्यायचे, जेम्सची नाणी करायची आणि नाण्यांनी तलवार घ्यायची. गठ्ठे असे बांधलेले असतात की हवी ती वस्तू घेऊन नेमके थोडे जेम्स उरावेत आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा खरेदी व्हावी. तलवारीला किती रुपये पडले हे मोठ्या माणसालाही पटकन सांगता येत नाही, तिथे दहा वर्षांच्या मुलाला काय सांगता येणार? खरे पैसे लावून जुगारासारखे खेळवणाऱ्या गेमना आवर घालण्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, ते योग्यच झाले. जेम्सचा हा मामला मात्र त्या कायद्याच्या पलीकडे, घराघरांत राजरोस चालू आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. युबिसॉफ्ट या कंपनीने २०१४ मध्ये काढलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवला. तो एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला असणे आवश्यक होते, त्यामुळे ज्यांनी रोख मोजून डबाबंद प्रत घेतली होती त्यांच्या हातात नुसती तबकडी उरली. त्यानंतर युरोपात गेम असे मारून टाकू नयेत म्हणून मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने तर सप्टेंबर २०२४ मध्ये कायदाच केला, की गिऱ्हाइकाला फक्त वापराचा परवाना मिळत असेल तर विकताना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. मी शक्यतो तबकडीवरचा गेम घेतो आणि खेळून झाला की विकून टाकतो, ते याच कारणाने. अलीकडे तबकडीवरही अर्धाच गेम असतो आणि उरलेला इंटरनेटवरून उतरवावा लागतो, हे मला ठाऊक आहे. तरीही विकता येतो, उसना देता येतो, यात बरेच काही आले.

इथपर्यंत ऐकून मेहुणे नेहमी एकच हुकमाचे पान टाकतात : नोटाबंदी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या तेव्हा तुमच्या हातातल्या पैशाचे काय झाले? हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो टाळत नाही. चलनातल्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के एका भाषणाने बाद झाले. नोट ही शेवटी सरकारच्या शब्दावर चालणारी वस्तू आहे, ‘द क्रू’च्या तबकडीसारखी तीही वरून बंद करता येते, हे त्या रात्री सर्वांना कळले. तरी दोन फरक आहेत. एक म्हणजे ती बंद करायला जाहीर निर्णय घ्यावा लागतो, त्याचा जाब लोकांना विचारता येतो. माझे एकट्याचे खाते गोठले तर त्याचे भाषण कोणी करीत नाही. दुसरा फरक लोकांनी स्वतःच दाखवून दिला. नोटाबंदीच्या आधी सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२५ अखेर तो आकडा ३६ लाख कोटींच्या पुढे गेला होता, तोही यूपीआयची अशी घोडदौड चालू असताना. इतके लोक जुनाट किंवा चोर आहेत, असे मानायला मी तयार नाही.

करचुकवेगिरीचा संशय त्याच माळेतला. मला पगार बँकेतून मिळतो, कर कापूनच मिळतो आणि एटीएममधून काढलेल्या दोन हजारांवर आणखी कोणता कर मी चुकवणार आहे हे मेहुण्यांनी अजून सांगितलेले नाही. विक्रेत्याची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य. जुलै २०२५ मध्ये बंगळूरच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयवरील उलाढालीच्या आधारे जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि अनेकांनी कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. त्यांतल्या ज्यांची उलाढाल खरोखर मर्यादेपलीकडे होती त्यांनी कर भरायलाच हवा होता. पण पाट्या लागल्या त्यावरून लोकांना एक गोष्ट उशिरा उमगली असे दिसते, की फोनवरचा प्रत्येक व्यवहार कुठेतरी कायमचा लिहिला जातो. मी कोणत्या डॉक्टरकडे गेलो, कोणत्या देवळात किती टाकले, मंगळवारी मिसळ कुठे खाल्ली याची वही दुसऱ्या कोणाकडे असावी असे मला वाटत नाही. त्यात लपवण्यासारखे काही नाही. दाखवण्यासारखेही काही नाही.

रोखीचे तोटे मला मोजून दाखवायची गरज नाही. सुट्ट्यांची वानवा, फाटक्या नोटा, दहाचे नाणे चालत नाही असे छातीठोकपणे सांगणारे दुकानदार (ते चालते; रिझर्व्ह बँकेने पुन्हा पुन्हा सांगितले आहे) आणि पाकीट मारले गेले तर गेलेच. म्हणून मोठ्या रकमा मी खिशात ठेवत नाही, आणि दुसऱ्या गावच्या माणसाला पैसे पाठवायचे असतील तर मनीऑर्डरच्या आठवणी काढत बसण्याऐवजी सरळ फोन उचलतो.

घरात मात्र एक नियम लावला आहे. मुलीला तिच्या गेममध्ये जेम्स हवे असतील तर माझ्या फोनवरून परस्पर घ्यायचे नाहीत. महिन्याच्या खाऊच्या पैशातून तेवढ्या नोटा तिने माझ्या हातात मोजून द्यायच्या, मग मी ते भरणार. पहिल्या वेळी तिने दोनशेची पिवळी नोट बराच वेळ घड्या घालत आणि उलगडत हातात ठेवली आणि दिली. गेल्या महिन्यात मुलगी जेम्स मागायला आलीच नाही. चौकशी केली तेव्हा कळले की सगळे पैसे मैत्रिणींबरोबर पाणीपुरीत गेले, आणि त्या पाणीपुरीवाल्याकडेही कोड असूनही हिने सुट्टे मागून घेतले होते.