नऊ हजारात आयएसओ

आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. चकली अशी की विचारू नका. परवा लिफ्टमध्ये गाठून म्हणाल्या, "अगं तुझ्या कंपनीला आयएसओ आहे ना, मला पण घ्यायचंय, एक जण नऊ हजारात सात दिवसांत देतो म्हणतोय, घेऊ का?" तीन मजल्यांत काय उत्तर देणार, म्हटलं रविवारी वर येते.

मी रोज ट्रान्स हार्बर पकडून पावण्याच्या एमआयडीसीत जाते, शेंगदाण्याची चिक्की आणि सुक्या चटण्या बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघते. आम्ही सर्टिफिकेट का घेतलं याचं खरं उत्तर एका वाक्याचं आहे, गिऱ्हाईकाने मागितलं म्हणून. युरोपातल्या एका खरेदीदाराचा मेल आला की एफएसएससी २२००० (आयएसओ २२००० वर बेतलेलं अन्न सुरक्षेचं सर्टिफिकेट) असेल तर पुढे बोलू. शेठ म्हणाले, "अहो मॅडम, आपलं एफएसएसएआयचं लायसन्स आहे की, चौदा आकडी नंबर छापतो ना पाकिटावर!" पण ते लायसन्स म्हणजे सरकारी अन्न प्राधिकरणाची धंदा करायची परवानगी, २००६ च्या कायद्याप्रमाणे सगळ्यांनाच घ्यावी लागते (अगदी छोट्यांना नुसतं रजिस्ट्रेशन), त्यात फुशारकी कसली. आयएसओ २२००० किंवा एफएसएससी ही कुणी सक्ती केलेली नाही. तरी कंपन्या मागे लागतात, कारण तिकडे बसलेला माणूस आमची गुळाची कढई बघायला येऊ शकत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी तिसऱ्याने येऊन बघितलेलं त्याला हवं असतं.

आणि त्याची भीती खोटी नाही. शेंगदाण्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, थेट खायच्या दाण्यात युरोपची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम. न्हावा शेव्याहून गेलेला कंटेनर तिथे अडकला तर माल परत आणायचा नाहीतर तिथेच नष्ट करायचा, दोन्हीचा खर्च आपल्याच बोकांडी. वर गंमत अशी की हे विष पोत्यात सगळीकडे सारखं नसतं, चार-पाच खराब दाण्यांत सगळं बसलेलं असतं, नमुना चांगल्या दाण्यांचा निघाला की रिपोर्ट एकदम क्लीन. मग शेवटी तपासून काय उपयोग? हाच प्रश्न १९६० च्या दशकात नासाला पडला होता, अंतराळवीरांचं जेवण सुरक्षित आहे याची खात्री करायची तर इतकं तपासावं लागायचं की खायला फारसं उरायचंच नाही. तेव्हा पिल्सबरी कंपनीबरोबर त्यांनी हॅसॅपची पद्धत काढली, म्हणजे धोका कुठे शिरतो ती जागा शोधा आणि तिथेच अडवा. आमच्याकडे ती जागा म्हणजे दाणा गोडाऊनमध्ये येतो तो दरवाजा. ओलावा मोजायचा, काळपट-सुरकुतलेले दाणे वेगळे काढायचे, लॉट नंबर टाकायचा, मगच आत.

लॉट नंबरवरून आठवलं. पहिल्या ऑडिटच्या आधी आम्ही मॉक रिकॉल केला, म्हणजे एक पाकीट उचलायचं आणि यातला दाणा कुणाकडून आला, याच दाण्याची बाकी पाकिटं कुठे गेली ते शोधायचं. सकाळी अकराला सुरू केलं, चार वाजले तरी पत्ता नाही. शेवटी कळलं की दोन व्यापाऱ्यांची पोती एकाच पिंपात ओतली जात होती, "जागा कमी पडते ना मॅडम". म्हणजे एका व्यापाऱ्याचा माल खराब निघाला असता तर दोघांच्या मालाची सगळी पाकिटं मागवावी लागली असती. शेठचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता, दुसऱ्या दिवशी चार पिंपं आली. लायसन्स होतं तेव्हाही पिंप एकच होतं, हे लक्षात घ्या.

सगळ्यात अवघड गेलं ते बांगड्या काढायला लावणं. पॅकिंगला सगळ्या बायका, त्यातल्या निम्म्यांच्या हातात हिरवा चुडा. मेटल डिटेक्टर आहेच की, असं शेठसकट सगळ्यांचं म्हणणं. ते मशीन आम्ही दर तासाला लोखंड, नॉन-फेरस (म्हणजे तांबं-पितळेसारखा धातू) आणि स्टीलचे तुकडे घालून तपासतो, एखाद्या तासाला तुकडा पकडला नाही तर आधीच्या चांगल्या तपासणीपासूनचा सगळा माल बाजूला. पण काच? काच त्याला दिसतच नाही! हे सांगितल्यावरही कुणी हात पुढे करेना, सौभाग्याची गोष्ट, मी कोण सांगणार काढा म्हणून. शेवटी सगळ्यात जुन्या मावशींनीच तोडगा काढला, गेटजवळ नाव लिहिलेले डबे ठेवले, आत जाताना काढायच्या, निघताना घालायच्या. मंगळसूत्र मात्र कुणी काढलं नाही, ते ॲप्रनच्या आत, गळ्यापर्यंत बटण लावून. ऑडिटरने त्यावर दहा मिनिटं वाद घातला, मग रिस्क असेसमेंट, म्हणजे यात धोका किती आणि तो कसा अडवता, ते लिहून द्या म्हणाला. लिहिलं.

बरं, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. मुदत तीन वर्षं, पण दर वर्षी ऑडिटर येतो आणि एफएसएससीमध्ये तीन वर्षांत एकदा तरी न सांगता येऊन उभा राहतो. आणि भिंतीवर फ्रेम आहे म्हणून आजची चिक्की चांगली, असं मी तरी म्हणणार नाही. रजिस्टरमध्ये पाच तासांच्या सह्या एकदम मारलेल्या मी स्वतः पकडल्यात.

तर रविवारी काकूंकडे गेले. म्हटलं, नऊ हजार ठेवा पर्समध्ये. आयएसओ ही संस्था स्वतः कुणाला सर्टिफिकेट देतच नाही, देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यांच्यावर परत तपासणारे असतात, आपल्याकडे एनएबीसीबी. सात दिवसांत घरी न येता कुणी कागद देत असेल तर तो कागदच. तुम्ही एफएसएसएआयचं साधं रजिस्ट्रेशन करा, त्यांच्याच फॉसकॉस वेबसाइटवर ऑनलाइन होतं, मी बसते तुमच्याबरोबर.

काकूंनी जरा तोंड पाडलं, चकलीची बशी पुढे केली आणि मग विचारलं, "बरं मग पाकिटावर तारीख कुठली टाकू गं, तळल्याची की भरल्याची? मी तर भरल्याची टाकते."

"तळल्याची, काकू. आणि तेल कधी बदललं ते पण वहीत लिहा."

"ते लिहिते की," म्हणाल्या, आणि कॅलेंडरच्या मागे खोचलेली वही काढून दाखवली.