शाळेच्या भिंतीपासून 91 मीटर

सातवीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत कर्कटकाशेजारी तंबाखूची पुडी आणि चुन्याची इवलीशी डबी सापडली. रागावले नाही, कुठून आणलीस, एवढंच विचारलं. त्याने खिडकीतून समोरच्या टपरीकडे बोट केलं.

2003 च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. टपरीचं अतिक्रमण म्हणून तिथून नगरपालिकेत पाठवलं, तिथून परत ठाण्यात. तिसऱ्या खेपेला मात्र अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय हलले नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चार दिवसांत बीट अंमलदार, म्हणजे आमच्या भागाचे पोलीस, शाळेत हजर.

"बाई, अंतर मोजलंय का?" त्यांचा पहिला प्रश्न. मोजलं नव्हतं. खेळाच्या सरांनी लांब उडीचा टेप आणला. मोजायचं ते कुंपणाच्या भिंतीपासून, वर्गापासून नव्हे. 100 यार्ड म्हणजे 91 मीटर. टेप तीसच मीटरचा, म्हणून रस्त्यावर खडूच्या खुणा करत गेलो. टपरी चौदा मीटरवरच होती. पुढची आणखी दोन दुकानंही हद्दीत निघाली.

दंड झाला, 200 रुपये. या कलमात त्याहून जास्त दंडच नाही. तिसऱ्या दिवशी टपरीवर पुड्यांच्या माळा पुन्हा लटकलेल्या. फार वाईट वाटलं.

बाल न्याय कायद्याचं कलम 77 कडक आहे, मुलाला तंबाखू दिल्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण त्यासाठी कुणाला विकली ते सांगावं लागलं असतं. मुलाच्या आईने माझे हात धरले, "पोराला पोलिसांत नका नेऊ." माझीही तयारी नव्हती. अंमलदारांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पोरगं मध्ये नकोच. आपण सुट्टीची वेळ धरू."

मग ते रोज मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना फाटकाशी येऊन उभे राहू लागले. दमदाटी नाही, आरडाओरडा नाही. बंदोबस्ताच्या दिवशी यायला जमणार नसेल तर सकाळीच मला फोन करत, म्हणजे आम्ही दोघी शिक्षिका तिथे थांबायचो. त्या चिकाटीपुढेच टपरीवाला नमला. महिन्याभरात माळा उतरल्या; आता तिथे गोळ्या-बिस्किटं मिळतात.

मुलाला दंतवैद्याकडे मी स्वतः नेलं. खडूच्या खुणांच्या जागी आम्ही पिवळ्या ऑइलपेंटने पट्टा मारलाय.

मागच्या गल्लीतल्या दुकानाचा अर्ज सोमवारी दिला. पोच फाइलला लावली आहे.