कंबरलँड गॅप : खिंड बघायला गेलो आणि जमिनीच्या भानगडीत अडकलो

लाँग वीकेंडला सगळी जनता स्मोकी माउंटन्सला पळते आणि पार्किंग शोधत बसते, म्हणून आम्ही या वेळी कंबरलँड गॅपला, म्हणजे ॲपलेशियन डोंगरातल्या जुन्या खिंडीला गेलो. सिनसिनाटीहून आय-७५ ने खाली कॉर्बिनपर्यंत, मग २५ई धरून बार्बरव्हिल, पाइनव्हिल करत मिडल्सबरो. पाइनव्हिलला नदी डोंगर फोडून बाहेर येते आणि रस्ता त्याच चिंचोळ्या जागेतून काढलाय, तिथेच कळतं की जुन्या काळी या भागात वाट सापडणं किती मोठी गोष्ट असणार. भारतातून आलेले बाबा बरोबर होते. निम्मं आयुष्य भावकीच्या जमिनीचे दावे लढण्यात गेलेला माणूस, त्यामुळे निसर्ग वगैरे ठीक, पण त्यांचे प्रश्न वेगळेच.

पिनॅकल पॉइंटपर्यंत गाडी जाते, रस्ता वळणावळणाचा, मोठ्या गाड्यांना बंदी. वरून व्हर्जिनिया, केंटकी आणि टेनेसी तीन राज्यं दिसतात. एवढा लांबच लांब पसरलेला डोंगर, त्याला ही एकच सोयीची खाच. हरणं, बायसन (रानगव्यासारखे) आणि नेटिव्ह लोक इथूनच ये-जा करायचे, म्हणजे वाट आधीपासून होतीच. १७५० मध्ये डॉ. थॉमस वॉकर एका लँड कंपनीसाठी जमीन बघायला इथून गेला. लँड कंपनी! सुरुवातीलाच बिल्डर लॉबी.

शाळेत वाचलेलं असतं की अमेरिकन लोक साहसाच्या ओढीने पश्चिमेला गेले. असतील काही, पण मला विचाराल तर खरं कारण सातबाऱ्यावर नाव लागावं हेच. व्हर्जिनियात तंबाखू घेऊन घेऊन जमिनीचा कस गेलेला, चांगली जमीन बड्या मळेवाल्यांच्या ताब्यात, घरात पोरं आठ-दहा, वाटण्या करून उरणार काय? त्यात १७६३ ला इंग्लंडच्या राजाने हुकूम काढला की ॲपलेशियन डोंगरापलीकडे वस्ती करायची नाही. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही, पण पलीकडची जमीन विकून पैसा करायचं स्वप्न बघणारे बडे लोक मात्र जाम चिडले, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉर्ज वॉशिंग्टनसुद्धा त्यातलाच. पुढे स्वातंत्र्ययुद्धात नव्या सरकारांकडे पैसा नव्हता म्हणून सैनिकांना जमिनीचे कागद दिले गेले, आता कागद हातात आला की माणूस जाणारच ना.

मार्च १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसन या जमीन-व्यापाऱ्याने आजच्या टेनेसीतल्या सिकॅमोर शोल्सला चेरोकी या नेटिव्ह जमातीकडून खिंडीपलीकडची, मुख्यतः आजच्या केंटकीतली साधारण २ कोटी एकर जमीन 'विकत' घेतली, बदल्यात १० हजार पौंडांच्या आसपासचा माल. ड्रॅगिंग कॅनो नावाच्या तरुण चेरोकी नेत्याने भर सभेत विरोध केला, आणि शॉनी ही दुसरी नेटिव्ह जमात तिथे शिकार करायची त्यांना तर कोणी विचारलंच नाही. त्याच महिन्यात हेंडरसनच्या पैशावर डॅनिएल बून हा शिकारी-वाटाड्या तीसेक माणसं घेऊन झाडं तोडत या खिंडीतून केंटकीकडे निघाला, तोच वाइल्डरनेस रोड. नाव रोड, पण १७९६ पर्यंत बैलगाडी-घोडागाडी जाईल असा नव्हताच, सगळं घोड्यावर नाहीतर पायी. १८१० पर्यंत दोन-तीन लाख माणसं या खिंडीतून गेली असं मानतात. त्यात मालकांनी चालवत नेलेले गुलामही होते, त्यांना कुठली जमीन मिळणार होती?

खिंडीत आम्ही चालत गेलो. इथून पूर्वी हायवे जायचा, १९९६ ला डोंगराखालून बोगदा झाल्यावर डांबर उखडून जागा परत जुन्यासारखी केली. आता मातीची पायवाट, दोन्हीकडे दाट झाडं. चढ फार नाही, बाबाही आरामात आले.

तिथेच बाबांनी विचारलं, "मोजणी कोणी केली रे?"

नेमका दुखरा भाग! केंटकीत आधी मोजणी करून मग वाटप असं झालंच नाही, जो तो आपापला सर्व्हेअर आणणार आणि हद्द लिहिणार ती अमक्या ओकपासून तमक्या ओढ्यापर्यंत. झाड पडलं की हद्द गेली. एकाच तुकड्यावर तीन-तीन चार-चार जणांचे हक्क, वकिलांची चांदी. बाबा म्हणाले, "अरे, मग आपलंच बरं की." काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १७८५ चा कायदा करून ओहायो नदीच्या वर चौकोनी, सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिप (जमिनीचे गट) आखायला घेतल्या. तिथलं टायटल, म्हणजे मालकीचा हक्क, स्वच्छ, हेही लोक पुढे सरकण्याचं एक कारण. अब्राहम लिंकनचे वडील १८१६ ला केंटकी सोडून इंडियानाला गेले ते बरंचसं या टायटलच्या कटकटीमुळेच.

आणि बून? ज्याने वाट काढली आणि स्वतः सर्व्हेअर म्हणून इतरांच्या जमिनी मोजल्या, त्याच्याच केंटकीतल्या जमिनी हातच्या गेल्या. १७९९ ला तो मिसुरीला गेला, तेव्हा तो भाग स्पेनकडे होता. तिथे मिळालेली जमीन अमेरिकेने लुइझियाना (मिसुरी त्यातच यायचं) घेतल्यावर अडकली, १८१४ मध्ये काँग्रेसने थोडी परत दिली, तर ती त्याने केंटकीतली देणी भागवायला विकली. बाबांना हे सांगितल्यावर ते परतीच्या वाटेत कॉर्बिनपर्यंत बूनच्या वकिलाला शिव्या घालत होते.