ट्रिमचं चाक आपोआप फिरतंय: सेसना १७२ कॉकपिट, योकची पुढची नोंद

घरी सेसना १७२ या छोट्या विमानाचं सिम्युलेटर-कॉकपिट (सिम) बांधतोय. योक म्हणजे ओढला की विमानाचं नाक वर आणि ढकलला की खाली नेणारा दांडा, आणि ट्रिम म्हणजे तो धरून ठेवण्याचा भार हातावरून काढणारी सोय. योकच्या स्प्रिंगा ज्यावर बांधल्या आहेत त्या सरकत्या कॅरेजची ट्रिम कामाच्या बाकावर झकास चालली. योक शाफ्टवर चढवून सिममध्ये लँडिंग सुरू केल्यावर मात्र घोळ उघडा पडला. फ्लेअरला (जमिनीला टेकण्याआधी नाक उचलताना) योक पोटाशी ओढला की ट्रिमचं चाक स्वतःहून फिरतं, आणि योक सोडल्यावर विमान नाक वर धरूनच बसतं. ही नोंद जवळजवळ पूर्ण त्या चाकापायीच खर्ची पडणार आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. बाजारातल्या बहुतेक योकला स्प्रिंग मधोमध आणून सोडते, आणि ट्रिम हा सिममधला नुसता आकडा असतो. खऱ्या १७२ मध्ये योक हवा तिथे धरायचा आणि हातावरचा भार जाईपर्यंत चाक फिरवायचं. हात जागचा हलत नाही. स्प्रिंगच्या योकवर चाक फिरवता फिरवता हात मधे आणावा लागतो. शिकणारा मग योकऐवजी चाकानेच विमान उडवायला लागतो. नुसती हौस असेल तर चालून जातं. पण उद्या जो बारामतीला नाहीतर गोंदियाला उड्डाण शिकायला खऱ्या विमानात बसणार आहे, त्याच्या हाताला लागलेली ही खोड प्रशिक्षकाला आधी मोडावी लागते. घरच्या सिमचे तास लॉगबुकात धरत नाहीत, सवयी मात्र हिशेबात येतात. म्हणून दोन्ही स्प्रिंगा एका कॅरेजवर बांधायच्या आणि चाकाने अख्खी कॅरेज पुढे-मागे सरकवायची, म्हणजे स्प्रिंगचा शून्यच हलतो. सिममधली ट्रिम कायमची बंद.

आत्ताची मापं अशी: योकची चाल १५० मिमी, म्हणजे मध्यापासून ७५-७५. समोरासमोर दोन स्प्रिंगा, प्रत्येकी ०.३ न्यूटन प्रति मिमी, मिळून ०.६. पूर्ण मागे ओढल्यावर ४५ न्यूटन, साधारण साडेचार किलोचा ओढा. कॅरेजची चाल ४० मिमी. चाक आडव्या शाफ्टवर आणि स्क्रू योकला समांतर, म्हणून मधे थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या मायटर गिअरची (फिरणं काटकोनात वळवणाऱ्या गिअरची) जोडी.

पूर्ण ओढल्यावर तो ४५ न्यूटनचा भार थेट स्क्रूच्या नटवर येतो. स्क्रू कोणता? थ्रीडी प्रिंटरवाल्यांकडे सर्रास मिळतो तो टी८, एका फेऱ्याला ८ मिमी. मध्यव्यास ७ मिमी धरला तर आट्यांचा कल येतो २० अंश. पितळी नट आणि स्टीलचा स्क्रू यांचा घर्षणकोन जेमतेम ८ ते ११ अंश. कल घर्षणकोनापेक्षा मोठा असेल तर भार नटला ढकलतो आणि नट स्क्रूला फिरवतो. प्रिंटरमध्ये मोटर धरून ठेवते म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. इथे धरायला कोणी नाही.

सरळ उपाय म्हणजे २ मिमी लीडचा स्क्रू (लीड म्हणजे एका फेऱ्यात नट जितका पुढे जातो ते अंतर). त्याचा कल ५ अंशांच्या आसपास, स्वतःच अडकून बसतो. मागवला, आणि आला पुन्हा तोच ८ मिमीवाला. ऑनलाइन दुकानाच्या पानावर ‘टी८, पिच २ मिमी’ असं छापलेलं होतं, आणि ते खोटंही नाही! पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. चार स्टार्टच्या (चार आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेल्या) स्क्रूचंही ते २ मिमीच असतं, फक्त एका फेऱ्यात नट चार आटे पुढे जातो. आपल्याला हवी ती लीड. तेव्हा विक्रेत्याला पिच विचारूच नका. ‘सिंगल स्टार्ट आहे का’ एवढंच विचारा. हातात आल्यावर स्क्रूच्या टोकाकडून बघा. आट्यांची किती तोंडं सुरू होतात ते मोजता येतं. नाहीतर नट एक फेरा फिरवून व्हर्निअर लावा. नटही त्याच स्टार्टचा हवा. जुना चार स्टार्टचा नट सिंगल स्टार्टच्या स्क्रूवर बसत नाही.

दरम्यान चाकाच्या शाफ्टवर फेल्टचा वॉशर आणि नायलॉक नट लावून ब्रेक करून पाहिला. चाक थांबतं, पण फेल्ट आधी चिकटतं आणि मग एकदम सुटतं, त्यामुळे बारीक ट्रिम करताच येत नाही. दोन मिमी हवं तिथे पाच मिमी जातं. हा रस्ता सोडून द्या. हार्डवेअरच्या दुकानातला एम८ चा आटेवाला रॉडही चालू शकतो (लीड १.२५ मिमी, अडकून बसतोच), पण त्याचा मुलामा खरबरीत असतो, रॉड क्वचितच सरळ निघतो आणि चाकातून करकर हाताला जाणवते.

शेवटी सिंगल स्टार्टचा टी८ मिळाला. आता उलटी अडचण: ४० मिमीसाठी चाकाचे २० फेरे, बेस लेगवर (धावपट्टीकडे वळण्याआधीच्या टप्प्यात) कोण फिरवत बसणार? म्हणून मायटर गिअरनंतर जीटी२ बेल्ट (दर २ मिमीला एक दाता असलेला पट्टा) टाकला, चाकाकडे ६० दात्यांची पुली आणि स्क्रूवर २०. चाकाच्या एका फेऱ्याला ६ मिमी, पूर्ण चालीला पावणेसात फेरे. गिअरिंगने अडकण्यात काही फरक पडत नाही, कारण ते काम स्क्रूचे आटे करतात. पूर्ण भारावर ७० मिमी त्रिज्येच्या चाकाच्या कडेला पाव किलोचा जोर पुरतो, आणि फ्लेअरला चाक तसूभरही हलत नाही. योक ओढून धरायचा आणि चाक फिरवत हातातला भार विरघळताना अनुभवायचा, हे सुख स्प्रिंगच्या महागड्या तयार योकवरही मिळत नाही.

अँटी-बॅकलॅश (ढिलाई काढणारा) नट घेऊ नका. नटमध्ये ०.२ मिमी ढिलाई धरली तरी ०.६ ने गुणून ०.१२ न्यूटन होतात. हाताला कळणारही नाहीत. खरा शत्रू आहे योक शाफ्टचं घर्षण. घर्षण १ न्यूटन असेल तर योक मध्याच्या आजूबाजूला १.७ मिमीत कुठेही थांबतो. छापलेल्या बुशवर तर याहून वाईट हाल. उपाय म्हणजे १२ मिमीचा हार्ड क्रोम रॉड, त्यावर सरळ सरकणारी एलएम१२यूयू बेअरिंगं आणि शिलाई मशीनचं तेल. ग्रीस नको, हिवाळ्यात योक जड होतो.

सेन्सरसाठी पोटेन्शिओमीटर काढून योक आणि कॅरेज दोन्हीकडे एएस५६०० (चुंबक किती फिरला ते ० ते ४०९५ आकड्यांत सांगणारी चिप) बसवले. योकच्या बेल्टवर ८० दात्यांची पुली, म्हणजे १६० मिमीला एक फेरा. १५० मिमीची चाल त्यात मावते आणि मिमीमागे २५ पायऱ्या मिळतात. कॅरेजला २० दात्यांची घेऊ नका. ४० मिमीला बरोब्बर एक फेरा होतो आणि टोकाला आकडा ४०९५ वरून ० वर उडी मारतो. ३० दात्यांची घ्या. दोन्ही चिपांचा आय-टू-सी (चिपा जोडायची दोन तारांची पद्धत) पत्ता एकच आणि तो बदलता येत नाही, म्हणून आळीपाळीने एकेकीशी जोडून देणारा टीसीए९५४८ए मधे लागतो. एएस५६०० ची डीआयआर (दिशेची) पिन ग्राउंडला जोडा, तरंगती ठेवली तर दिशेचा भरवसा नाही. चुंबक स्टीलच्या शाफ्टला थेट चिकटवू नका. छापलेल्या टोपीत काही मिमी दूर बसवा.

कॅरेज कुठे आहे हे खरं तर फक्त तपासणीसाठी मोजत होतो, आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या बोर्डमधून संगणकाला जॉयस्टिकचा स्लायडर अक्ष म्हणून, सिममध्ये कशालाही न जोडता. पुढचा बेत होता योकमध्ये लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) घालून हाताचा जोर मोजण्याचा. पण हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की त्याची गरजच नाही. योकची जागा वजा कॅरेजची जागा, गुणिले ०.६, झाला हातावरचा भार! दोन्ही आकडे आधीच संगणकात येतायत. लोड सेल रद्द. त्याऐवजी छोटा पायथन प्रोग्राम: दोन अक्ष वाचायचे, फ्लाइटगिअर या सिम प्रोग्रामकडून यूडीपीवर (नेटवर्कवरून) वेग आणि उंची घ्यायची, सेकंदाला दहा ओळी सीएसव्ही फाइलीत. ३ न्यूटनपेक्षा जास्त भार १५ सेकंद सलग राहिला तर ‘ट्रिम केलं नाही’ अशी खूण. घर्षणामुळे १ न्यूटनची चूक गृहीत धरा, म्हणून उंबरठा ३ च्या खाली नेऊ नका. सराव साधा ठेवायचा: २,००० फुटांवर ९० नॉट सरळ उड्डाण, पॉवर कमी करून उंची न सोडता ७० नॉट, मग ट्रिम, मग दहा सेकंद हात सोडायचे. उंची ५० फुटांच्या आत राहिली तर पुढे फ्लॅप १० अंशांवर तोच खेळ. डीब्रीफला (सरावानंतरच्या चर्चेत) वेग आणि भाराचा आलेख शेजारी-शेजारी ठेवला की बोलावं फार कमी लागतं.

फ्लाइटगिअरमध्ये सी१७२पी (त्यातलं सेसना १७२) साठी ट्रिमची सगळी बटणं आणि अक्ष काढा आणि सुरुवातीलाच elevator-trim हा गुणधर्म शून्यावर ठेवा. पडद्यावरचा ट्रिम दर्शक मग हलत नाही, म्हणून चाकाशेजारी खराखुरा काटा हवा. ऑटोपायलट लावू नका, तो आतली ट्रिम हलवू शकतो आणि चाकाला पत्ता लागत नाही. आणखी एक उणीव राहतेच: स्प्रिंग ६० नॉटला आणि ११० नॉटला सारखीच कडक. वेगाबरोबर जोर वाढवायचा तर मोटर आली, फोर्स फीडबॅक आला, खर्च आला. तूर्त नको.

मागे राहिलेलं ब्रेक पेडलचं कोडंही सुटलं, ब्रेक उशिरा लागण्याचं. पेडलवरचा जोर वाचणारं एचएक्स७११ चं हिरवं मॉड्यूल सेकंदाला दहाच वाचनं देतं. रेट पिन ग्राउंडवरून उचलून वरच्या व्होल्टेजला जोडली की ८०. टॅक्सी करताना ब्रेक उशिरा लागायचा तो आता लागत नाही.

आता कॅरेजचा मध्य थोडा मागे घ्यायचाय, कारण पूर्ण फ्लॅपवर ६५ नॉटला नाक वर करायची ट्रिम संपते. १२ मिमी पुढे आणि २८ मागे असं वाटप करून पाहतोय. कोणी एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमवर हीच रचना केली असेल तर आपली वाटणी कळवा.