७६ व्या नंबरला मी हात लावत नाही

एप्रिल आला की हा प्रश्न हमखास येतो. ऑफिसातली मुलं विचारतात, पुण्याहून भाचा फोनवर विचारतो: "मामा, २००० चा ड्राफ्ट आज, सगळं माहीत असताना, पुन्हा लावायचा तर क्रम काय लागेल?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंवर आयपीएलसारखी बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात, त्यालाच ड्राफ्ट म्हणतात, आणि साधारणपणे आदल्या मोसमात जो तळाला, त्याची पाळी आधी. २००० मध्ये असे २५४ खेळाडू उचलले गेले. पहिली पाळी क्लीव्हलँड ब्राउन्सची होती, त्यांनी कोर्टनी ब्राउनला घेतलं. ज्याने पुढे सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले तो टॉम ब्रेडी सहाव्या फेरीपर्यंत बसून राहिला आणि १९९ व्या नंबरला न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला. ब्रेडी क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाची चढाई चालवणारा. त्याच्या आधी असे सहा क्वार्टरबॅक गेले होते. त्यातल्या जिओव्हानी कार्माझीला तर मुख्य मोसमात एकही सामना खेळायला मिळाला नाही.

तेव्हा माझ्या यादीत पहिला ब्रेडी, यात वाद घालण्यासारखं काही नाही. दुसरा बचावपटू ब्रायन अर्लॅकर. शिकागो बेअर्सने त्याला नवव्या नंबरला घेतलं, तेरा मोसम तो तिथेच खेळला आणि २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. मग बचावपटू जॉन अब्राहम (आपला नट नव्हे), मग चेंडू घेऊन धावणारा शॉन अलेक्झांडर. आणि पहिल्या दहात मी शेन लेक्लरला बसवतो, पाचव्या फेरीतला पंटर. पंटर म्हणजे फक्त लाथ मारून चेंडू लांब धाडणारा, म्हणून मुलं हसतात. हसू देत. हा माणूस अठरा मोसम खेळला आणि समोरच्या संघाला दरवेळी त्यांच्याच गोलरेषेपाशी ढकलत राहिला.

पण नुसता क्रम सांगून माझं समाधान होत नाही. जी चूक दिसायला हवी होती आणि जी दिसणं शक्यच नव्हतं, त्या दोन्ही एकाच मापाने मोजल्या जातात, आणि हे मला खरोखर खटकतं. ब्रेडीच्या बाबतीत पुरावा डोळ्यांसमोर होता. १ जानेवारी २००० चा ऑरेंज बोल हा कॉलेज सामना, ब्रेडीचं मिशिगन विरुद्ध अलाबामा. मिशिगन दोनदा चौदा गुणांनी मागे पडलं, ब्रेडीने ३६९ यार्ड आणि चार टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेला की होतो तो) फेकून सामना ओढत आणला आणि जादा वेळेत ३५-३४ असा जिंकला. समोर अलाबामाकडून अलेक्झांडर खेळत होता. साडेतीन महिन्यांनी अलेक्झांडर १९ वा गेला आणि ब्रेडी १९९ वा. कारण ड्राफ्टआधीच्या चाचणीत चाळीस यार्ड धावायला ब्रेडीने ५.२८ सेकंद घेतले होते आणि अंगानेही तो किडकिडीत होता.

कोर्टनी ब्राउनचं तसं नाही. त्या वेळी तुम्ही-आम्ही त्यालाच घेतलं असतं. त्याला दुखापतींनी धरलं, एकामागून एक, आणि पोरगं कधी नीट उभंच राहिलं नाही. पुन्हा लावलेल्या याद्यांमध्ये त्याचं नाव फसलेली निवड म्हणून येतं तेव्हा मला वाईट वाटतं.

आता पेट्रियट्सचं. त्यांनी हिरा ओळखला असं जो तो म्हणतो. पण त्यांनीही ब्रेडीच्या आधी सहा जण घेतले, त्यातला अँटवान हॅरिस तर सहाव्याच फेरीत, १८७ वा. तिसऱ्या फेरीत ७६ वा होता जे. आर. रेडमंड, रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. आजच्या कुठल्याही यादीत ही दोन नावं तुम्हाला दिसणार नाहीत.

३ फेब्रुवारी २००२. मी बॉस्टनजवळ नवा होतो, चौघांत एक फ्लॅट. खाली राहणारे आजोबा सुपर बोल बघायला वर आले होते. सेंट लुइस रॅम्सशी १७-१७ बरोबरी, शेवटचा १ मिनिट २१ सेकंद, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही उरलेला नाही, चेंडू पेट्रियट्सच्याच गोलरेषेपासून १७ यार्डांवर. ब्रेडीने पहिला पास रेडमंडला दिला, ५ यार्ड. दुसरा पुन्हा त्यालाच, ८ यार्ड. मग तिसरा, ११ यार्ड, आणि चेंडू घेऊन रेडमंड कडेच्या रेषेबाहेर गेला. मी विचारलं, हा पुढे का पळत नाही? आजोबांनी टीव्हीवरून नजर न काढता कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट केलं. ते ३३ सेकंदांवर थांबलं होतं. बाहेर गेलं की घड्याळ थांबतं, आत पडला असता तर सेकंद वाहून गेले असते. पुढच्या काही चेंडूंत ते आणखी २९ यार्ड सरकले, आणि व्हिनाटिएरीच्या ४८ यार्डांच्या किकने सामना २०-१७ जिंकला. आजोबा सोफ्यावर बसून रडत होते.

हॅरिसनेही त्याच सामन्यात रॅम्सच्या हातातून चेंडू पाडला होता, आणि त्या आधीच्या आठवड्यात पिट्सबर्गविरुद्ध टचडाउन केला होता.

म्हणून भाच्याला सांगतो, ब्रेडीला खुशाल पहिला कर. पण मग तो क्लीव्हलँडला जाईल, दोन विजय आणि चौदा पराभव घेऊन आलेल्या संघात, जिथे आदल्याच वर्षी पहिल्या नंबरला दुसरा क्वार्टरबॅक घेतला होता. तिथे त्याला तिसऱ्या पासाला रेषेबाहेर जाणारा रेडमंड कोण देणार? माझ्या यादीत बाकी सगळे हलतात. ७६ वा नंबर जागच्या जागी आहे, पेट्रियट्सच्याच नावापुढे.