कॅसची फाईल, एक्सवाला ऑर्किड आणि अठ्ठावीस दिवसांचे उंदीर

लग्नाआधीचे माझे संशोधनाचे पेपर वडिलांच्या आद्याक्षरासह माहेरच्या आडनावाने छापले गेलेत, नंतरचे सासरच्या आडनावाने, आणि मधले दोन्ही आडनावं जोडून. जोडरेघ एका जर्नलने ठेवली, दुसऱ्याने गाळली. त्यामुळे कॅसखाली (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे नोकरीतल्या शिक्षकांच्या बढतीची योजना) प्राध्यापकपदाची फाईल करायला घेतली तेव्हा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसच्या लेखी मी एक बाई नव्हतेच. एका प्रोफाइलवर औषधी रसायनशास्त्र, दुसऱ्यावर विषशास्त्र, तिसऱ्यावर किरकोळ माल आणि त्यात कुणा हृदयरोगतज्ज्ञाचा पेपर.

नावबदलाचं राजपत्र होतं, ते समितीला चालतं. डेटाबेसला त्याचं काय? तिथे सहलेखक आणि पत्ते जुळवून दाखवत प्रोफाइल एकत्र करून घ्यावे लागले. खरा आधार झाला तो ऑर्किडचा. हा संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी क्रमांक, फुकट मिळतो, आणि आधीची नावंही त्यात नोंदवता येतात. शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्या जागी कधीकधी एक्स येतो. माझ्या क्रमांकात तो आहे. आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी तो लाल पेनाने खोडला आणि वर विचारलं, "मॅडम, इथे आकडा राहिलाय ना?" ऑर्किडचं पान उघडून दाखवल्यावर त्यांनी बाजूला सही केली.

मग गुणांचा हिशेब. २०१८ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे कॉलेजातल्या प्राध्यापकपदाला किमान ११० रिसर्च स्कोअर लागतो. विज्ञानात एका पेपरला ८ गुण, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचा सरासरी किती उल्लेख होतो त्याचा आकडा) २ ते ५ असेल तर वर २०. (२०१८ च्या नियमातही तो थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरा असं लिहिलंय. त्यांनी तो व्यवसाय २०१६ मध्येच विकला. आता यादी क्लॅरिव्हेट काढतं.) दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०.

हे ३० टक्के आमच्या विषयात फार बोचतात. मी संयुगं बनवते; ती शरीराला कितपत झेपतात हे फार्मसी कॉलेजातली माझी मैत्रीण बघते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेली ४०७ क्रमांकाची चाचणी म्हणजे २८ दिवस रोज तोंडावाटे डोस, रविवार-दिवाळी काही नाही. तीन वेगवेगळ्या डोसांचे गट आणि संयुग न दिलेला एक कंट्रोल गट, प्रत्येक गटात किमान पाच नर, पाच माद्या. म्हणजे चाळीस उंदीर. त्याआधी प्राणी नैतिकता समितीची परवानगी, नंतर रक्ततपासण्या, अवयवांची वजनं, यकृताच्या नि मूत्रपिंडाच्या स्लाइड्स. एवढं करून निष्कर्ष काय, तर काही बिघडलं नाही. औषध शोधणाऱ्याला याहून गोड बातमी नसते, कारण कितीतरी चांगली संयुगं याच पायरीवर गळतात. पण पेपरात मैत्रीण मधली लेखिका, म्हणून मूळ ८ पैकी २.४ गुण. नुसतं संगणकावर डॉकिंग करून (संयुग प्रथिनात कसं बसेल याचा अंदाज बांधून) लिहिलेल्या पेपरलाही तेच ८. माझेही तसे पेपर आहेत आणि त्यांनी माझी बेरीज बरीच फुगवली, हे सांगायला मला संकोच नाही.

केअर यादीचा, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीचा, घोळ वेगळाच. तिचं काम आपल्या गणेशखिंडच्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं, २०१९ पासून. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं. पण जुन्या पेपरांना "छापला तेव्हा जर्नल यादीत होतं का?" हा प्रश्न येतोच. तेव्हाची पानं मी पीडीएफ करून ठेवली होती. ती, प्रत्येक पेपरचं पहिलं पान आणि त्यावर पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या नावापुढच्या ताऱ्याला पिवळं हायलायटर, असा गठ्ठा अप्पा बळवंत चौकात स्पायरल करून घेतला. एका झेरॉक्सवर तारा उमटलाच नव्हता. त्या पानाची रंगीत प्रत काढली. समितीतल्या एका सरांनी बरोबर तेच पान उघडलं.

बाकी मुलाखत लवकर आटोपली. निवड झाली, वेतननिश्चिती सहसंचालक कार्यालयातून व्हायचीय. मैत्रिणीची फाईल पुढे आहे. आमचा नवा पेपर विषशास्त्राचाच, तो पाठवताना पहिलं नाव तिचं घातलं आणि ताराही तिलाच दिला. संयुगं माझी असली तरी मी मध्ये.